एआरडीएसमध्ये मायक्रोआरएनए नेमकं काय करतात?

सायली_वेल

२०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी मिळालं. त्या सुमारास मराठीत जे वाचलं त्यात कर्करोगाचा उल्लेख वारंवार होता, फुप्फुसाचा मात्र मला कुठे दिसला नाही. मी अतिदक्षता विभागात काम करते. एआरडीएसचे (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, म्हणजे अचानक दोन्ही फुप्फुसं निकामी होण्याच्या आजाराचे) रुग्ण हे माझं रोजचं काम आहे आणि या विषयावरचं संशोधन मी जमेल तेवढं वाचत असते. म्हणून हा धागा.

आधी आजाराबद्दल. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाचा दाह, उलटी श्वासनलिकेत जाणं, मोठा अपघात, आपल्याकडे शिवाय लेप्टो, फाल्सिपारम मलेरिया, स्क्रब टायफस. सुरुवात कशानंही होवो, काही रुग्णांची दोन्ही फुप्फुसं काही दिवसांत पाण्यानं भरतात. हृदय नीट चाललेलं असतं, तरीही भरतात. कारण वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्याच गळायला लागलेल्या असतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीनं आत शिरतात, वायुकोशांचं अस्तर सोलवटतं, त्यांना उघडं ठेवणारा सर्फॅक्टंटचा थर निकामी होतो. एक्स-रे दोन्ही बाजूंनी पांढराफटक दिसतो.

तीव्रता मोजायला आम्ही एक भागाकार करतो: धमनीतल्या रक्ताचा ऑक्सिजन दाब भागिले रुग्णाला दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण. निरोगी माणूस साध्या हवेत बसलेला असताना हे उत्तर ४५० च्या आसपास येतं. ३०० किंवा त्याखाली गेलं की एआरडीएस, १०० किंवा त्याखाली गेलं की अतितीव्र. ही २०१२ ची बर्लिन व्याख्या. त्याआधी, १९९४ पासून, सौम्य प्रकाराला ‘अक्यूट लंग इंज्युरी’ म्हणत. दवाखान्यातून ते नाव गेलं, पण उंदरांवर प्रयोग करणारे अजून तेच वापरतात.

५० देशांतल्या अतिदक्षता विभागांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दाखल झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांना एआरडीएस होता, आणि अतितीव्र गटातले ४६ टक्के रुग्णालयातच दगावले. सौम्य गटातही हा आकडा ३५ टक्के होता. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांवरून या आजाराचं पहिलं वर्णन १९६७ मध्ये केलं. इतकी वर्षं झाली, तरी फुप्फुसाची ही गळती थांबवणारं औषध आपल्याकडे नाही. जीव वाचवणाऱ्या गोष्टी बहुतांशी यंत्र कसं चालवायचं याच्या आहेत. २००० मध्ये सिद्ध झालं की व्हेंटिलेटरनं दर श्वासाला १२ ऐवजी ६ मिलिलिटर प्रतिकिलो हवा दिली तर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर येतात. २०१३ मध्ये सिद्ध झालं की गंभीर रुग्णांना दिवसातले बरेच तास पालथं झोपवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर येतात.

आता मायक्रोआरएनए. हा साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. १९९३ मध्ये सी. एलेगन्स या जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या कृमीत लिन-४ नावाच्या जनुकाचा उलगडा झाला. त्यातून प्रथिन बनतच नाही. बनतो तो हा चिमुकला आरएनए, आणि तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाचं प्रथिन बनू देत नाही. पुढची सात वर्षं बहुतेकांना ही त्या कृमीपुरती गोष्ट वाटली. २००० मध्ये लेट-७ सापडला, आणि तो माशीपासून माणसापर्यंत जसाच्या तसा निघाला. मग सगळ्यांचे डोळे उघडले.

पेशीच्या केंद्रकात लांब आरएनए तयार होतो, ड्रोशा नावाचं विकर त्याला कापतं, तो बाहेर येतो, डायसर पुन्हा कापतं, आणि उरलेला एक पदर आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो. त्याची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं एखाद्या एमआरएनएच्या (प्रथिन बनवायची कृती नेणाऱ्या आरएनएच्या) शेपटाशी जुळली की त्या एमआरएनएपासून प्रथिन कमी बनतं. ‘कमी’ म्हणजे बरेचदा निम्म्यापर्यंतसुद्धा नाही. दूध वर यायला लागल्यावर आपण गॅस बारीक करतो, बंद करत नाही, तसं. मात्र एकाच मायक्रोआरएनएची शेकडो लक्ष्यं असतात, आणि माणसाच्या निम्म्याहून जास्त प्रथिन-जनुकांवर कुठल्या ना कुठल्या मायक्रोआरएनएची नजर असते.

फुप्फुसात हे कसं दिसतं? जंतूच्या भिंतीतलं एलपीएस मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पेशीच्या) टीएलआर-४ या ग्राहकाला चिकटलं की आत आयआरएके-१ आणि ट्राफ-६ मार्फत निरोप जातो आणि एनएफ-कप्पा-बी जागं होतं. ते टीएनएफ, आयएल-६, आयएल-८ ही दाह भडकवणारी जनुकं चालू करतं. त्याच झटक्यात ते मिर-१४६ए या मायक्रोआरएनएचं (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनएच) जनुकही चालू करतं. आणि मिर-१४६ए जाऊन बसतो तो आयआरएके-१ आणि ट्राफ-६ यांच्याच एमआरएनएवर! डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेनं हे २००६ मध्ये दाखवलं. दाह सुरू करणारी यंत्रणा तो आवरणाऱ्यालाही त्याच क्षणी बोलावते. ज्या उंदरांत मिर-१४६ए नाही ते एलपीएसनं प्रमाणाबाहेर पेटतात आणि पुढे त्यांना स्वप्रतिकारक आजार होतात.

त्याच्याच बरोबर वाढणारा मिर-१५५ उलट्या बाजूनं ओढतो. सॉक्स-१ आणि शिप-१ ही दाह रोखणारी प्रथिनं तो घटवतो, म्हणजे दाहाला मोकळं रान मिळतं. मग मिर-१५५ बंद करून टाकावा? इतकं सरळ नाही. मिर-१५५ नसलेल्या उंदरांना साल्मोनेलाविरुद्ध लस दिली तरी संरक्षण मिळत नाही. आमचे निम्म्याहून जास्त एआरडीएस रुग्ण जंतुसंसर्गामुळेच आलेले असतात. त्यांचा मिर-१५५ काढून घ्यायला माझा हात धजावणार नाही.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मिर-१२६ असतो. तो नसेल तर उंदराच्या गर्भातच वाहिन्या गळतात. मिर-१८१बी त्याच अस्तरात इम्पोर्टिन-अल्फा-३ हे प्रथिन कमी करून एनएफ-कप्पा-बीला केंद्रकात शिरू देत नाही. २०१२ च्या एका अभ्यासात सेप्सिसच्या (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाच्या) रुग्णांच्या रक्तात तो कमी आढळला, आणि उंदरांना बाहेरून दिल्यावर फुप्फुसाची इजा घटली.

पण मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट मिर-२२३ ची. न्यूट्रोफिलमध्ये हा भरपूर असतो. न्यूट्रोफिल म्हणजे एआरडीएसमधला खलनायक असं आम्ही शिकलो: हाच येऊन प्रोटिएज (प्रथिनं कापणारी विकरं) सोडतो, हाच अस्तर फाडतो. २०१७ मध्ये होल्गर एल्ट्झशिग यांच्या गटानं दाखवलं की फुप्फुसात आलेला न्यूट्रोफिल सूक्ष्म पुटिकांमध्ये भरून आपला मिर-२२३ वायुकोशाच्या अस्तराच्या पेशीला देतो. त्या पेशीत तो पार्प-१ हे प्रथिन घटवतो, आणि इजा कमी होते. मिर-२२३ नसलेले उंदीर व्हेंटिलेटरच्या ताणानं जास्त आजारी पडले. अतिसूक्ष्म कणांमधून मिर-२२३ फुप्फुसात पोचवल्यावर उंदरांना संरक्षण मिळालं.

म्हणजे जी पेशी अस्तर फाडते तीच अस्तराला सावरायचं साहित्यही हातात देते. दाह सरसकट दाबणारी इतकी औषधं एआरडीएसमध्ये का फसली असतील, याचं उत्तर मला इथे दिसतं. आपण इजा आणि दुरुस्ती दोन्ही एकदम थांबवत होतो. छोट्या आरएनएंचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी: कुठली पेशी, कुठल्या दिवशी, कोणाला काय सांगते आहे हे त्यातून कळतं.

प्रश्न जरूर विचारा.

शुभ्रा_के

सुरेख लिहिलं आहेस, सायली. दोनदा वाचलं. एक बाळबोध शंका: कोविडच्या लसीत जो आरएनए होता तो हाच का? घरी विचारलं तर कुणालाच सांगता येईना.

सायली_वेल

शुभ्रा, नाही. लसीतला एमआरएनए म्हणजे प्रथिन बनवायची पूर्ण कृती, फायझरच्या लसीत ती ४ हजारांहून जास्त अक्षरांची आहे. मायक्रोआरएनए २२ अक्षरांचा, त्यातून काहीच बनत नाही, तो दुसऱ्याच्या कृतीवर बसतो. शिवाय आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये विषाणूच्या कवचातून डीएनए दिलेला होता आणि कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू. एमआरएनए दोन्हींत नव्हता.

तिलारीकाठ

डॉक्टर, लेख आवडला. मी सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करतो. भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे लेप्टो सुरू होतो. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दाबल्या की कळवळतो, डोळे लाल. वेळेवर आला तर डॉक्सीसायक्लिन नाहीतर पेनिसिलिनवर बरा होऊन परत शेतात जातो. पण काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धाप लागते, खोकल्यातून रक्त येतं, आणि मग बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला पाठवायची घाई. वाटेत ऑक्सिजन पुरेल ना, याच काळजीत आम्ही असतो.

माझा प्रश्न रोकडा आहे. यातलं काही मला वापरता येईल का? आणि लेप्टोच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावाला हीच साखळी लागू पडते का?

सायली_वेल

तिलारीकाठ, तुमच्यासारखे डॉक्टर पहिल्या दिवशी डॉक्सी सुरू करतात म्हणून आमच्याकडे येणारे कितीतरी वाचतात. हे मी मनापासून सांगते.

लेप्टोस्पायरा वेगळा आहे. त्याचं एलपीएस माणसाच्या टीएलआर-४ ला नीट ओळखताच येत नाही, त्यामुळे वर लिहिलेली साखळी तशीच्या तशी लावू नका. रक्तवाहिन्यांचं अस्तर गळणं मात्र दोन्हीकडे आहे. मायक्रोआरएनएची कुठलीही चाचणी किंवा औषध आज तुमच्या उपयोगाचं नाही, माझ्याही नाही.

उपयोगाचं आहे ते ६ मिलिलिटरचं गणित. ते रुग्णाच्या खऱ्या वजनावर करायचं नसतं, उंचीवर करायचं असतं, कारण जाडी वाढली तरी फुप्फुस वाढत नाही. बाईसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४). पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०. आपल्याकडे १५० सेंटिमीटरच्या बायका कितीतरी. त्यांचं हे वजन येतं ४३ किलोच्या आसपास, म्हणजे एका श्वासाला साधारण २६० मिलिलिटर. यंत्रावर सवयीनं ४५० ठेवले तर तिला १० मिलिलिटर प्रतिकिलोहून जास्त जातात. हा ताण स्वतःच अस्तराला इजा करतो, न्यूट्रोफिल बोलावतो. मिर-२२३ च्या अभ्यासातही उंदरांचं फुप्फुस व्हेंटिलेटरच्या ताणानंच दुखावलं होतं. टेप घेऊन झोपलेल्या रुग्णाची उंची मोजणं हे आजघडीला कुठल्याही आरएनएपेक्षा मोठं औषध आहे.

तिलारीकाठ

टेपचं लगेच करतो. रुग्णवाहिकेतल्या पोरांनाही शिकवतो. आभार.

गणिती

विषय चांगला मांडला आहे, पण मी दुसरी बाजू ठेवतो. मी संख्याशास्त्राचा माणूस, वैद्यकीय शोधनिबंध तपासायचं काम करतो. ‘मायक्रोआरएनए आणि फुप्फुसाची तीव्र इजा’ या विषयावरचे निबंध एका साच्यातून काढल्यासारखे येतात. एक मिर घ्या, संगणकानं एक लक्ष्य शोधा, ल्युसिफेरेज या चमकणाऱ्या विकरानं जुळणी दाखवा, उंदराच्या श्वासनलिकेत एलपीएस टाका, मिर दिल्यावर सूज कमी झाली म्हणा. नुसता मिरचा क्रमांक बदलतो. सिडनीच्या जेनिफर बर्न यांनी अशा प्रकारच्या जनुकशास्त्रीय निबंधांत वापरलेले न्यूक्लिओटाइड क्रम तपासले, तेव्हा कित्येक ठिकाणी लिहिलेला क्रम त्या जनुकाचा नव्हताच. तो प्रयोग लिहिल्याप्रमाणे झालेला असूच शकत नाही!

आणि उंदीर. त्याच्यात आयएल-८ चं जनुकच नाही. माणूस ज्या प्रमाणात एलपीएसनं कोसळतो त्याच्या कितीतरी पट उंदीर पचवतो. प्रयोगातला उंदीर तरुण असतो, त्याला मधुमेह नसतो, तो तंबाखू खात नाही. त्याला बरं करणं आणि पासष्टीच्या मधुमेही माणसाला बरं करणं यात फार अंतर आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत शिरेतून साल्बुटामॉल हे दम्याचं औषध दिलं होतं, आधीच्या छोट्या अभ्यासातून आशा वाटत होती म्हणून. प्रत्यक्षात औषध मिळालेल्यांत ३४ टक्के गेले, न मिळालेल्यांत २३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. हे डोळ्यांसमोर ठेवून मिर-२२३ बद्दल बोलावं.

सायली_वेल

गणिती, साच्यातल्या निबंधांबद्दल पूर्ण अनुमोदन. मी सुद्धा एलपीएस-उंदीर-एक मिर-एक लक्ष्य असा सारांश दिसला की पुढे जाते. म्हणूनच वर जे पाच-सहा मिर घेतले त्यांत जनुक काढून टाकलेले उंदीर आहेत किंवा रुग्णांचे नमुने आहेत, आणि वेगवेगळ्या गटांनी ते पुन्हा तपासले आहेत.

साल्बुटामॉलचं उदाहरण मात्र मी वेगळं वाचते. एआरडीएस हा एक आजार नाही. २०१४ मध्ये कॅरोलिन कॅल्फी आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्यांतल्या रुग्णांचे दोन गट वेगळे केले. साधारण एक तृतीयांश रुग्णांत दाह फार तीव्र, रक्तदाब खालावलेला, बायकार्बोनेट कमी, आणि मृत्यूही जास्त. बाकीचे तसे नाहीत. त्याच वर्षी सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध एआरडीएसमध्ये निकामी ठरलं होतं. २०१८ मध्ये त्याच चाचणीचे आकडे या दोन गटांत विभागून पाहिले तर तीव्र दाहाच्या गटात सिम्व्हास्टॅटिन मिळालेले जास्त जगले होते. रोसुव्हास्टॅटिनच्या चाचणीत तसा फरक दिसला नाही, हेही सांगते. पण प्रश्न तोच राहतो: सगळ्यांना एकाच टोपलीत टाकून औषध तपासलं तर कुणाला लागू पडलं ते कळणार कसं? तो भेद लवकर ओळखायला छोटे आरएनए मदत करतील, अशी मला आशा आहे.

आजोळ

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आई आयसीयूत होती. तिला पालथं झोपवलेलं असायचं, व्हिडिओ कॉलवर आम्हाला फक्त तिची पाठ आणि नळ्या दिसायच्या. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की पालथं का ठेवतात. आज या धाग्यावर ते १६ आणि ३२.८ चे आकडे वाचले आणि खूप वेळ तशीच बसून राहिले. आई वाचली. त्या सगळ्या सिस्टर आणि वॉर्डबॉयनी तिला रोज उलथंपालथं केलं त्यामुळे वाचली, हे आता कळतंय.

एक विचारायचं होतं. डॉक्टर रोज म्हणायचे, “आत्ता काही सांगता येत नाही.” रक्तातला असा एखादा मिर तपासून रुग्ण वाचेल का हे आधी कळू शकेल?

सायली_वेल

आजोळ, आई बऱ्या आहेत हे वाचून फार बरं वाटलं. पालथं करायला पाच-सहा माणसं लागतात, एकजण फक्त श्वासनळी धरून असतो. तुम्ही त्या लोकांची आठवण काढलीत, मी माझ्या विभागातल्या सिस्टरना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

पालथं केल्यानं पाठीकडचा दबलेला फुप्फुसाचा भाग उघडतो, हवा सगळीकडे सारखी वाटली जाते आणि ताण एकाच भागावर येत नाही.

चाचणीचं उत्तर आज तरी नाही. रुग्णांच्या रक्तात मायक्रोआरएनए मोजणारे बरेच अभ्यास झालेत, पण प्रत्येकाची यादी वेगळी येते. का, ते प्रवरा जास्त नेमकं सांगेल. ती इथेच असते, जर्मनीत आरएनएवरच काम करते.

प्रवरा

हाक मारलीस म्हणून आले! वाचत होतेच.

यादी वेगळी येण्याची कारणं बरीचशी नमुना घेण्यातच असतात. रक्तात फिरणारा मायक्रोआरएनए मोजायचा म्हणजे पेशींबाहेरचा मोजायचा. पण पेशींच्या आत त्याच्या कितीतरी पट जास्त असतो. सुई लावताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी त्यांतला मिर-४५१ आणि मिर-१६ बाहेर सांडतो आणि निकाल बिघडतो. म्हणून मिर-४५१ आणि तांबड्या पेशी फुटल्यानं फारसा न बदलणारा मिर-२३ए यांतला फरक आधी बघायचा.

दुसरं, प्लेटलेट. मिर-२२३ आणि मिर-१२६ दोन्ही प्लेटलेटमध्ये भरपूर. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये कमी फिरवलं तर प्लाझ्मात प्लेटलेट उरतात आणि आकडा फुगतो. आता आपल्याकडचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा: डेंग्यू किंवा लेप्टो, प्लेटलेट २० हजारांपर्यंत घसरलेल्या. त्याचा मिर-१२६ कमी आला तर वाहिन्यांचं अस्तर बिघडलं म्हणायचं, की प्लेटलेटच उरल्या नाहीत म्हणून कमी आला? प्लेटलेटचा हिशेब न मांडलेला निबंध मी बाजूला ठेवते.

तिसरं कारण तर आयसीयूतच दडलेलं आहे. हेपारिन. आरएनए मोजायला वापरतो त्या पीसीआरला हेपारिन अडवतं. आयसीयूतल्या रुग्णांना गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन दिलेलंच असतं, निरोगी तुलनागटाला नसतं. मग रुग्णांत सगळेच मिर ‘कमी’ दिसतात आणि शोध लागल्यासारखा वाटतो. हेपारिनेज (हेपारिन तोडणारं विकर) वापरून हे टाळता येतं, पण ते कुणी केलं आणि कुणी नाही हे निबंधात शोधावं लागतं.

भरीला, आकडे कशाच्या तुलनेत मांडायचे यावर एकमत नाही. पेशींच्या आत तुलनेसाठी यू-६ हा छोटा आरएनए चालतो, प्लाझ्मात तो भरवशाचा नाही.

गणिती

हेपारिनचा मुद्दा माझ्या तपासणीच्या यादीत आजपासून. प्रवरा, धन्यवाद.

उन्हाळी_पाखरू

उत्तम धागा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की काढ्यातल्या वनस्पतींचे मायक्रोआरएनए पोटातून रक्तात जातात आणि फुप्फुसातला विषाणू मारतात. ‘चीनमधल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असंही त्यात आहे. यात किती तथ्य?

प्रवरा

पाखरू, मेसेजला एक खरं मूळ आहे. २०११ मध्ये नानजिंगच्या एका गटानं म्हटलं की भातातला मिर-१६८ए माणसाच्या रक्तात सापडतो आणि यकृतातल्या एका जनुकावर परिणाम करतो. पुढे हनीसकल या वेलीच्या काढ्यातल्या आरएनएबद्दलही त्याच वाटेनं दावे झाले. पण २०१३ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांना आणि माकडांना वनस्पतिजन्य आहार देऊन तपासलं, तर रक्तात पोचलेलं प्रमाण नगण्य होतं किंवा मोजण्याजोगं नव्हतंच. काही ठिकाणी सापडलेला वनस्पतींचा आरएनए नमुन्यातल्या भेसळीतून आलेला असावा असं दिसलं. आर्गोनॉटमधून परिणाम घडवायला पेशीमागे शेकड्यांनी प्रती लागतात, जेवणातून तेवढ्या पोचत नाहीत. घसा दुखला तर काढा प्या, गरम प्यायलं की बरं वाटतं. धाप लागली असेल तर ऑक्सिमीटर लावा आणि दवाखान्यात जा. ग्रुपवर हेच लिहा.

शुभ्रा_के

मग बाहेरून बनवून औषध म्हणून का देत नाहीत? आरएनएची औषधं निघालीत असं ऐकलं होतं.

सायली_वेल

निघाली आहेत, पण ती छोट्या आरएनएच्या दुसऱ्या प्रकारातली, एसआयआरएनए. पहिलं पॅटिसिरान, २०१८. नंतर कोलेस्टेरॉलसाठी इन्क्लिसिरान. यांतली बहुतेक यकृतात काम करतात, कारण यकृताच्या पेशीवर एका साखरेला पकडणारा ग्राहक असतो. ती साखर आरएनएला जोडली की तो थेट आत जातो. फुप्फुसाला असा सोयीचा दरवाजा अजून सापडलेला नाही.

श्वासातून द्यावं म्हटलं तर बेडका, श्लेष्मा, आरएनए फाडणारी विकरं आणि गिळून टाकणारे मॅक्रोफेज वाटेत उभे. आरएसव्ही या विषाणूविरुद्ध फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्यांना श्वासातून एसआयआरएनए देऊन पाहिला होता, मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. एआरडीएसमध्ये आणखी पंचाईत अशी की ज्या भागाला औषध हवं तो पाण्यानं भरलेला, तिथे हवाच जात नाही. श्वासातलं औषध चांगल्या भागात जाऊन बसतं. शिरेतून द्यावं तर यकृत आधी ओढून घेतं.

मायक्रोआरएनएचं म्हणाल तर एकालाही अजून औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. कर्करोगासाठी मिर-३४ए ची नक्कल असलेलं औषध रुग्णांना दिलं होतं, पण प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे आणि काही रुग्ण दगावल्यामुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवली. शेकडो लक्ष्यं असण्याची ही दुसरी बाजू. त्यामुळे मिर-२२३ माणसाला देण्याची घाई मला नको आहे. ज्या पुटिकांतून न्यूट्रोफिल तो स्वतः पोचवतो त्यांची नक्कल करता येईल का, हे आधी नीट समजू दे.

निवासी१

ताई, मी मेडिसिनला दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी आमच्या आयसीयूतल्या एआरडीएस रुग्णांत मिर-१४६ए आणि मिर-१५५ मोजायचा विचार होता. आमचे सर तयार आहेत, पीसीआर यंत्र सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे. हा धागा वाचून मात्र जरा घाबरलोय. करू की नको? केलं तर काय सांभाळू?

प्रवरा

नक्की कर. नमुना ईडीटीएच्या जांभळ्या नळीत घे, हेपारिनच्या हिरव्या नळीत अजिबात नको. आर्टिरियल लाइनमध्ये हेपारिनचं पाणी सोडत असतील तर तिथून घेऊ नको, वेगळी शीर शोध. रक्त लवकरात लवकर फिरव, आणि प्लाझ्मा काढून दुसऱ्यांदा जोरात फिरव म्हणजे प्लेटलेट खाली बसतील. लहान लहान नळ्यांत भरून उणे ८० ला ठेव, पुन्हापुन्हा वितळवू नको. गोठवायच्या आधी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४१४ नॅनोमीटरला बघ, हिमोग्लोबिनचं टोक दिसलं तर तो नमुना बाद.

गणिती

तुलनागट निरोगी स्वयंसेवकांचा घेऊ नका. निरोगी माणूस आणि आयसीयूतला रुग्ण यांच्यात शेकडो गोष्टी वेगळ्या असतात. व्हेंटिलेटरवर आहे पण एआरडीएस नाही, असा रुग्ण घ्या. विषबाधेमुळे किंवा मेंदूच्या आजारामुळे नळी टाकलेले तुमच्याकडे असतीलच. आणि किती रुग्ण लागतील ते नमुने घ्यायच्या आधी ठरवून एथिक्स कमिटीच्या अर्जात लिहा. मेसेज करा, गणित मी करून देतो.

सायली_वेल

निवासी, एकच दिवस मोजू नकोस. पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घे, कारण मिर-१४६ए कधी चढतो हेच तर बघायचं आहे. आणि प्रत्येक नमुन्याच्या कागदावर तीन गोष्टी त्याच वेळी लिही: त्या दिवशीचा प्लेटलेटचा आकडा, हेपारिनची शेवटची मात्रा किती वाजता दिली, आणि रुग्णाला उंचीप्रमाणे किलोमागे किती मिलिलिटर हवा चालू आहे.